सुक्या मेव्याचे गणगोत आणि बालकांचे वावडे

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आरमोरी येथे झालेल्या व्याख्यानाची संहिता)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा हा मंगल प्रसंग आहे. मंगल प्रसंग म्हटला की पंगत आली, पंगत म्हटली की मिष्टान्न आले आणि मिष्टान्नावर काजू, पिस्ता, चारोळी यांची पखरण आली. आजच्या व्याख्यानाचा विषय या पखरणीशीच निगडित आहे. बहुसंख्य बालकांना ती पौष्टिक आणि रुचकर असते. काही थोड्या बालकांच्या बाबतीत मात्र त्यातील एखादा कण जिवावर बेतू शकतो. अशी बालके संख्येने थोडी असतील. पण ज्या समाजाने एकेंद्रिय जीवाचीही गणना केली, त्याने केवळ संख्येकडे पाहून हा विषय बाजूस सारणे उचित होणार नाही.

वावडे म्हणजे काय?

मराठीत 'वावडे' हा नेमका शब्द पूर्वापार आहे. इतरांना मानवणारा पदार्थ एखाद्यालाच सोसत नाही, तेव्हा त्याला त्याचे वावडे आहे असे म्हणतात. ऑस्ट्रियातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली याच अर्थाने 'ॲलर्जी' हा शब्द प्रथम योजला. पुढे १९६० च्या दशकात रक्तातील 'आयजीई' या प्रतिद्रव्याचा शोध लागला आणि या विकाराचे अंतरंग उलगडले.

रोगजंतूंशी लढण्यासाठी शरीराजवळ एक संरक्षक यंत्रणा असते. काही बालकांमध्ये ही यंत्रणा काजूतील किंवा अक्रोडातील एखाद्या निरुपद्रवी प्रथिनालाच शत्रू समजते व त्याच्या विरोधात आयजीई तयार करून ठेवते. पुढच्या वेळी तो पदार्थ पोटात गेला की शरीरातील विशिष्ट पेशी हिस्टामिन व तत्सम द्रव्ये एकाएकी बाहेर सोडतात. अंगावर गांधी उठतात, ओठ व पापण्या सुजतात, उलट्या होतात. प्रकरण वाढल्यास आवाज घोगरा होतो, श्वास कोंडतो आणि रक्तदाब घसरून मूल निपचित पडते. हे सारे बहुधा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत घडते.

आता प्रश्न असा की, काजूचे वावडे असलेल्या बालकाने कधीही न चाखलेला पिस्ता खाल्ला तर काय होईल? येथे गणगोताचा संबंध येतो. आयजीई पदार्थाचे नाव ओळखत नाही, ती प्रथिनाची घडण ओळखते. एकाच ताग्यातून फाडलेले दोन तुकडे निरनिराळ्या रंगांत रंगवले तरी जाणकाराचे बोट त्यांची वीण ओळखते. तसेच काहीसे हे आहे. ज्या वनस्पतींचे कूळ एक, त्यांच्या बियांतील प्रथिनांची वीणही पुष्कळदा एकसारखी असते. एका पदार्थाविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्ये दुसऱ्या पदार्थावरही तुटून पडतात.

रानातले एक कूळ

हे समजण्यासाठी दूर जावयास नको. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात चार आणि बिब्बा हे दोन्ही वृक्ष आहेत. चाराची पिकलेली फळे उन्हाळ्यात आवडीने खाल्ली जातात आणि त्यांच्या बिया फोडून चारोळी निघते. बिब्ब्याचे टरफल काळजीपूर्वक काढले की आतून गोडंबी मिळते आणि ती विदर्भात डिंकाच्या लाडवात पडते. वनस्पतिशास्त्रात चारोळी, बिब्बा, काजू, पिस्ता आणि आंबा हे सर्व एकाच कुळात मोडतात. काजूचे मूळ ब्राझीलमध्ये. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी त्याला गोव्याच्या किनाऱ्यावर आणले. पिस्ता इराण व मध्य आशियाकडचा. चारोळी तर आपल्या दारची. देश तीन, पण कूळ एक.

काजू आणि पिस्ता यांचे नाते सर्वांत निकटचे आहे. इस्रायलमधील बालकांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, पिस्त्याचे वावडे असलेल्या प्रत्येकाला काजूचेही वावडे होते. काजूचे वावडे असलेल्यांपैकी बहुतेकांना पिस्ता चालत नव्हता, मात्र काहींना तो चालत होता. अक्रोड आणि पेकन यांची जोडीही अशीच आढळली. म्हणून काजूची प्रतिक्रिया आलेल्या बालकाला, तज्ज्ञांनी तपासणी करून मोकळीक देईपर्यंत पिस्ता देऊ नये. चारोळी व गोडंबी त्याच कुळातील असल्याने त्यांच्याही बाबतीत तीच सावधगिरी बाळगणे शहाणपणाचे ठरेल. परदेशी पुस्तकांतील मेव्याच्या यादीत चारोळी आणि गोडंबी ही नावे बहुधा सापडत नाहीत. त्यामुळे आपल्या घरच्या मातेनेच ती डॉक्टरांच्या लक्षात आणून दिली पाहिजेत.

मग आंब्याचे काय? तोही त्याच कुळातील आहे. परंतु वावड्याचा मुख्य संबंध बीमधील साठवणीच्या प्रथिनांशी असतो आणि आंब्याचा आपण गर खातो. त्यामुळे काजूचे वावडे असलेली बहुतेक बालके आमरस निर्धास्त खाऊ शकतात. कूळ एक म्हणून सर्वच वर्ज्य, असा सरसकट नियम येथे चालत नाही.

बिब्ब्याच्या अनुभवावरून होणारा एक घोटाळाही येथेच दूर केला पाहिजे. 'बिब्बा उतला' हा प्रयोग विदर्भात सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या टरफलातील तेल कातडीला लागले की फोड येतात, सूज चढते. धोबी लोक पूर्वी याच तेलाने कपड्यांवर खुणा करीत, कारण ती खूण धुतली तरी जात नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर, धोब्याची खूण टेकत असे नेमक्या त्या जागी, पुरळ उठू लागले. त्यांच्या देशातील 'पॉयझन आयव्ही' नावाची विषारी वेल याच कुळातील आहे आणि तिच्यातील तेल बिब्ब्याच्या तेलाशी मिळतेजुळते असते. वेलीने संवेदनशील झालेली कातडी सातासमुद्रापलीकडच्या बिब्ब्याला ओळखीत होती. १९४३ साली अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात याचे वर्णन प्रसिद्ध झाले.

गणगोताची ओळख शरीर कशी ठेवते, याचा हा बोलका दाखला आहे. पण ही तेलाची प्रतिक्रिया कातडीपुरती असते आणि एक-दोन दिवसांनी उमटते. काजूगराच्या प्रथिनाची प्रतिक्रिया काही मिनिटांत सर्वांगाला वेढते. काजूच्या टरफलाचे तेलही हात पोळते, आंब्याच्या चिकाने तोंडाभोवती पुरळ येते. ते सारे पहिल्या प्रकारचे. दोहोंची गल्लत करू नये.

इतर कुळे आणि फसवी नावे

बदाम हा जर्दाळू, पीच आणि आलुबुखार यांच्या कुळातला. जर्दाळूची बी फोडून आतील गर बदामासारखा खाण्याची पद्धत आहे. बदामाचे वावडे असणाऱ्याने तो टाळावा. हेझलनट आपल्या स्वयंपाकघरात नव्हते, पण चॉकलेटच्या व पावावर लावायच्या गोड लेपाच्या रूपाने ते आता मुलांच्या हाती पोहोचले आहे. त्याचे कूळ निराळे आहे.

नारळाला इंग्रजी नावामुळे पुष्कळ वर्षे मेव्याच्या पंक्तीत बसवले गेले. वस्तुतः तो ताडाच्या कुळातील असून मेव्याचे वावडे असलेली बहुसंख्य बालके तो पचवतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या मार्गदर्शक यादीतून नारळाचे नाव काढून टाकले. जायफळ, मखाणा आणि तळ्यातला शिंगाडा यांचाही या मेव्याशी कुळाचा संबंध नाही.

शेंगदाणा हा तर मेवाच नव्हे. तो हरभरा, वाटाणा, तूर यांचा भाऊबंद. तरीही शेंगदाण्याचे वावडे असलेल्या मुलाची सर्व डाळी बंद करण्याचे कारण नसते, कारण त्यातील बहुतेकांना डाळी चालतात. त्याच वेळी हरभऱ्याचे स्वतंत्र वावडे आपल्या देशात आढळते, हे मुंबईतील निफाडकर, पाटील व बापट या संशोधकांनी दाखवून दिले असून त्यांचा एक निबंध २००१ साली प्रसिद्ध झाला. तिळाचे कूळही वेगळे आहे. पण मेव्याचे वावडे असणाऱ्या काही मुलांना तिळाचेही वावडे असते. म्हणून संक्रांतीच्या तिळगुळाविषयी डॉक्टरांना एकदा विचारून ठेवावे.

घरोघरी एक समजूत आहे की, बदाम भिजवून साल काढले किंवा काजू तुपात परतले की दोष जातो. पचनाच्या दृष्टीने काहीही असो, वावड्याच्या दृष्टीने ही समजूत घातक आहे. मेव्यातील ही प्रथिने उष्णतेला पुष्कळ दाद देत नाहीत आणि भिजवल्याने ती नाहीशी होत नाहीत.

'जैन' पदार्थ आणि काजू

जैन समाजाला अन्नाविषयी प्रश्न विचारण्याची सवय बालपणापासून असते. यात कांदा आहे का, लसूण आहे का, बटाटा आहे का, सूर्यास्तापूर्वी केले आहे का, हे विचारण्यात कोणाला संकोच वाटत नाही. ज्या घरात बालकाचे वावडे आहे त्या घराला ही सवय फार मोठे साहाय्य करू शकते. प्रश्नांच्या यादीत आणखी एका प्रश्नाची भर घालावयाची आहे, इतकेच.

ती भर घालणे मात्र अत्यावश्यक आहे. उपाहारगृहात 'जैन' भाजी मागवली की आचारी कांदा-लसूण वगळतो. मग रश्शाला दाटपणा आणायचा कशाने? बहुतेक ठिकाणी काजूच्या किंवा मगजाच्या वाटणाने. म्हणजे 'जैन' हा शब्द उच्चारताच ताटातील काजू वाढण्याचा संभव असतो आणि तो वाटलेला असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. वाटीत काजूचा तुकडा दिसत नाही म्हणून माता निश्चिंत राहते. वेष्टनावरील हिरवा ठिपका शाकाहाराची ग्वाही देतो, काजू नसल्याची नव्हे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमावलीनुसार वेष्टनबंद खाद्यपदार्थात शेंगदाणे, कवचफळे, सोयाबीन, दूध इत्यादी असल्यास तसा स्पष्ट उल्लेख करावा लागतो. ती ओळ बारीक अक्षरांत असते, पण वावडे असलेल्या घराने ती प्रत्येक खरेदीत वाचली पाहिजे. परातीतून सुटी विकल्या जाणाऱ्या मिठाईला तोही आधार नसतो. काजूकतलीच्या सुरीनेच साधा पेढा कापला, इतक्यावरूनही प्रसंग ओढवू शकतो.

प्रतिरूपक व्यवहार

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'प्रतिरूपक व्यवहार' सांगितला आहे. चांगल्या मालात तसाच दिसणारा हलका माल मिसळून विकणे, हा त्याचा अर्थ. भेसळीने गिऱ्हाइकाचा पैसा बुडतो, इतकाच विचार व्यापारात पुष्कळदा केला जातो. नोव्हेंबर २०२२ मध्ये नागपुरात शेंगदाण्याला हिरवा रंग देऊन, त्याचे काप करून पिस्ता म्हणून विकण्याचा उद्योग पोलिसांनी उघडकीस आणला. ज्याला पिस्ता चालतो पण शेंगदाणा चालत नाही, अशा बालकाच्या बाबतीत हे काप जीव घेऊ शकतात. काजूकतलीत शेंगदाण्याचे पीठ मिसळण्याचा प्रकारही असाच. येथे अचौर्य आणि अहिंसा ही दोन व्रते एकाच वेळी भंग पावतात. व्यापारी समाजाने हे विशेषकरून ध्यानी घ्यावे. माल जो आहे तोच म्हणून विकणे, एवढ्यानेही एखाद्या अनोळखी बालकाचे रक्षण होते.

अतिरेकी भयही नको

एवढे ऐकून कोणी घरातील सर्वच मुलांचा सुका मेवा बंद करील, तर तेही योग्य नव्हे. रक्ताची किंवा कातडीवरील तपासणी सदोष आली म्हणजे वावडे सिद्ध झाले, असे होत नाही. कर्नाटकातील प्रौढांच्या एका मोठ्या पाहणीत, जी २०१६ साली प्रसिद्ध झाली, सुमारे २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडले; पण खरे वावडे संभवनीय असलेले लोक केवळ १.२ टक्के निघाले. नुसत्या तपासणीच्या कागदावरून दहा-वीस पदार्थ बंद केले तर मुलाचे पोषण खुंटते. आधीच ज्या आहारात मांस-अंडी नाहीत आणि कंदमुळेही नाहीत, त्यातून डाळी आणि मेवाही काढून घेतला तर उरते काय? मुलाने काय खाल्ले, किती वेळाने काय झाले, हा वृत्तांत आणि तपासणी यांची सांगड तज्ज्ञच घालू शकतात. शंका राहिल्यास रुग्णालयात, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर, तो पदार्थ अल्प प्रमाणात देऊन खात्री करून घेण्याची रीत आहे. घरी असा प्रयोग कोणीही करू नये.

तान्ह्या मुलांपासून शेंगदाणा दूर ठेवला की वावडे टळते, असे पूर्वी डॉक्टरही सांगत. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील डॉ. गिडिअन लॅक व सहकाऱ्यांनी ६४० जोखमीच्या अर्भकांवर केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हे मत पार बदलले. पहिल्या वर्षातच शेंगदाणा सुरू करून तो नियमित दिलेल्या मुलांत वावड्याचे प्रमाण पाच वर्षांच्या वयात कितीतरी कमी आढळले. ज्या अर्भकाला तीव्र इसब आहे किंवा आधीच एखादे वावडे आहे, त्याच्या बाबतीत सुरुवात डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावी. शिवाय लहान मुलांना मेवा द्यायचा तो पूड किंवा लगदा करून. अख्खा दाणा पाच वर्षांच्या आतील मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतो.

प्रसंग ओढवल्यास

अंगावर गांधी उठल्या की 'पित्त झाले' म्हणून आमसूल चोळण्याची पद्धत घरोघरी आहे. साध्या पित्ताला ती ठीक. परंतु मेवा खाल्ल्यानंतर थोड्याच वेळात गांधींबरोबर खोकला, घरघर, आवाजात बदल, वारंवार उलटी किंवा ग्लानी यांपैकी काही दिसले, तर आमसूल, सरबत, दृष्ट काढणे यांत एक क्षणही दवडू नये. ॲलर्जीची गोळी खाज कमी करते, कोंडणारा श्वास मोकळा करीत नाही. त्या वेळी प्राण वाचवणारे औषध एकच, ते म्हणजे मांडीच्या बाहेरील स्नायूत दिलेले ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन. मुलाला आडवे झोपवावे, पाय किंचित उंच ठेवावेत, दम लागत असल्यास टेकून बसू द्यावे; उभे करू नये, चालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि उपजिल्हा रुग्णालय गाठावे. पोहोचताच 'मेवा खाल्ल्यावर श्वास लागला' हे पहिल्या वाक्यात सांगावे. बरे वाटले तरी लगेच घरी परतू नये. काही तासांनी लक्षणे पुन्हा उसळू शकतात.

खेड्यांतून राहणाऱ्या कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पावसाळ्यात वैनगंगेला व तिच्या उपनद्यांना पूर आला की वाटा बंद होतात. ज्या बालकाला एकदा तीव्र प्रतिक्रिया येऊन गेली आहे, त्याच्या पालकांनी ॲड्रेनॅलिन घरी ठेवण्याविषयी, त्याची मात्रा आणि देण्याची रीत याविषयी, डॉक्टरांकडून पावसाळ्यापूर्वीच शिकून घ्यावे. दमा असलेल्या मुलांना धोका अधिक असतो, म्हणून दम्याचे औषध नियमित चालू ठेवावे.

संस्थेकडून अपेक्षा

सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्था बरेच संकल्प सोडील. त्यांत अल्प खर्चाचे काही संकल्प असावेत. भोजनशाळेत प्रत्येक पदार्थापुढे एक पाटी असावी आणि तिच्यावर त्यात कोणता मेवा आहे, वाटणातसुद्धा, हे लिहिलेले असावे. मेवा नसलेल्या एका तरी गोडाची परात वेगळी आणि तिचा चमचाही वेगळा ठेवावा. वाढपी मंडळींनी "थोडे खाऊन तर बघ" असा प्रेमाचा आग्रह मुलांना करू नये. प्रभावनेत बदाम-काजूच्या पुडीबरोबर खडीसाखरेचा पर्याय असावा, म्हणजे कोणतेही बालक रिक्तहस्ते परतणार नाही. पाठशाळेच्या नोंदवहीत मुलाच्या नावापुढे त्याच्या वावड्याची नोंद असावी. चातुर्मासात मेवा वर्ज्य करणारी कुटुंबे येथे आहेतच. मेव्याविना चवदार स्वयंपाक कसा करावा, हे त्या घरच्या श्राविकांकडून शिकता येईल.

वावडे असलेल्या बालकाला पंगतीत वेगळे पाडणे, त्याची थट्टा करणे किंवा त्याच्या मातेला अतिचिंतेचा दोष देणे, हीदेखील मनाची हिंसाच होय. पाऊल टाकण्यापूर्वी भूमी पाहणारा, पाणी गाळून पिणारा हा समाज आहे. तीच दक्षता पंगतीतील बालकाच्या ताटापर्यंत पोहोचावी, एवढीच विनम्र अपेक्षा व्यक्त करून हे व्याख्यान येथे पूर्ण होते.

जय जिनेंद्र.